नदीची ओटी भरताना

आमच्या गावात एक पद्धत आहे. पहिला मोठा पाऊस होऊन नदीला नवं पाणी आलं, की बायका नदीची ओटी भरायला घाटावर जातात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई मला घेऊन गेल्या होत्या. "ही पण लेकुरवाळी आहे हो. सगळ्या गावाला पोसते. हिची ओटी रिकामी ठेवू नये," असं त्या म्हणायच्या. तेव्हा घाटावर बायका धुणी धुवायच्या, पोरं डुंबायची आणि सासूबाई घरी परतताना देवासाठी तांब्याभर पाणी आणायच्या.

गेल्या वर्षी आम्ही ओटी घेऊन गेलो, तेव्हा बरोबर शेजारची नवी सून होती. तिनं नारळ सोडला, नमस्कार केला आणि हात धुवायला खाली वाकली. तेवढ्यात तिच्या जावेनं तिचा हात मागे ओढला. "अगं, त्या पाण्यात हात नको घालूस. खाज सुटते." पोरगी गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, म्हणजे ओटी भरायची, पण पाण्याला शिवायचं नाही?"

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही गुपचूप घरी आलो.

मैत्रिणींनो, नदीच्या वरच्या अंगाला आमची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहती तुमच्याही गावाजवळ असतील. तिथून एक ओढा येतो आणि घाटाच्या थोडं वर नदीला मिळतो. कधी त्याचं पाणी तांबूस असतं, कधी काळपट, कधी त्यावर साबणासारखा फेस. पावसाची मोठी सर आली की त्या रात्री हमखास उग्र वास येतो, कारण पुराच्या पाण्यात काय काय सोडलं ते कळत नाही ना! हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण "माहीत असणं" आणि "बोलणं" यात फार मोठं अंतर असतं.

त्याच वर्षी डिसेंबरात एका कारखान्यानं नदी स्वच्छता अभियान घेतलं. आमच्या बचत गटांना निमंत्रण आलं. सगळ्यांना टोप्या, हातमोजे, नाश्ता आणि एकेक टी-शर्ट मिळाला. साडीवर टी-शर्ट घालून आम्ही चाळीसजणी सकाळी सात वाजता घाटावर हजर. तीन तास राबलो. प्लास्टिकच्या पिशव्या, कुजलेलं निर्माल्य, फुटक्या तसबिरी, गुटख्याच्या पुड्या, काय काय काढलं! दोन ट्रॉल्या भरल्या. फोटो निघाले. मीही पुढे उभी राहून भाषण केलं, "नदी आपली माय आहे" वगैरे. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तेव्हा मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

परत येताना आमच्या गटातली एकजण चालता चालता म्हणाली, "ताई, आपण काठ झाडला. पाणी कुणी झाडायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आपल्या घरात नळ वाहत असेल तर आपण आधी फरशी पुसतो की आधी नळ बंद करतो? इतकं साधं, रोजच्या संसारातलं शहाणपण नदीच्या बाबतीत कुठं जातं?

मी गटाच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, आपण अर्ज करू. ओढ्यात काय सोडतात ते विचारू. खोली एकदम शांत झाली. मग एकेक जण बोलू लागली. एकीचा नवरा तिथंच कंत्राटी कामावर. एकीचा मुलगा नुकताच लागलेला. एकजण स्वतः पॅकिंगला जाते. "ताई, तुमचं खरं आहे, पण उद्या गेटवरून परत पाठवलं तर चूल कशी पेटणार?" मी त्यांना काय सांगणार? माझे धाकटे दीर त्याच वसाहतीत सुपरवायझर आहेत. रात्री जेवताना मी विषय काढला, तर ते ताट बाजूला सारून म्हणाले, "वहिनी, कारखाना बंद पडला तर तुमची नदी येणार का माझे हप्ते भरायला?" आमचे हे खाली मान घालून जेवत राहिले. मीही गप्प बसले. पुढे दोन महिने तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

तो पुन्हा निघाला मुलीमुळे. ती बारावीला. पर्यावरणाच्या विषयाला प्रकल्प लिहायचा होता, आणि तिनं घेतला होता जपानमधला "इताई-इताई" नावाचा आजार. जपानी भाषेत इताई म्हणजे "दुखतं". दुखतं, दुखतं! आजाराला असं नाव? मी तिची माहिती वाचायला घेतली आणि दुपारचं काम बाजूलाच राहिलं.

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. डोंगरातून येते आणि खाली भातशेतीच्या सपाट प्रदेशात पसरते. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही मित्सुई कंपनीची जस्त आणि शिशाची खाण होती. खनिज धुतलेलं पाणी आणि गाळ नदीत जायचा. त्यात कॅडमियम हा विषारी धातू होता. महायुद्धांच्या काळात खाणीचं काम वाढलं, तसं नदीत जाणारं विषही वाढलं. खालच्या गावांतले लोक तेच पाणी प्यायचे, त्यातच भात शिजवायचे आणि तेच पाटानं शेतात घ्यायचे. कॅडमियम मातीत मुरला, मातीतून तांदळात आला, तांदळातून माणसात.

आजारी कोण पडलं? जवळजवळ सगळ्या बायकाच. त्यातही पाळी जायच्या वयाच्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या, दिवसभर शेतात वाकून काम करणाऱ्या. हा धातू वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साचत जातो. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारी द्रव्यं लघवीवाटे निघून जातात. हाडं मऊ पडतात. आधी कंबर, मांड्या दुखतात. मग चाल बदकासारखी होते. मग अंथरूण. शेवटी शेवटी खोकला आला तरी बरगडी मोडायची. म्हणून त्या "इताई, इताई" म्हणून कण्हायच्या. १९५५ साली तिथल्या वर्तमानपत्रानं तेच नाव आजाराला दिलं.

मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. घरचे लोक या बायकांना आतल्या खोलीत ठेवायचे, कुणाला सांगायचे नाहीत. पूर्वजन्मीचं पाप म्हणायचे. गावाचं नाव खराब झालं तर आपला तांदूळ कोण घेईल आणि मुलांना मुली कोण देईल, ही भीती. अगदी आपल्याकडचंच बोलणं वाटतं की नाही? जपान असो नाहीतर आपला तालुका, बाईचं दुखणं आणि घराची अब्रू एकाच तराजूत घालतात.

त्या गावात डॉ. नोबोरू हागिनो नावाचे डॉक्टर होते. १९४६ मध्ये युद्धावरून परतून त्यांनी घरचा दवाखाना पुन्हा सुरू केला, तेव्हा दारात या बायकांची रांग होती. आधी त्यांनाही वाटलं की संधिवात असेल, खाण्यापिण्याची आबाळ असेल. मग त्यांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली. सगळे ठिपके जिन्झूच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांतच पडले. ओकायामा विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ जुन कोबायाशी यांनी तपासण्या केल्या, आणि १९६१ मध्ये खाणीतल्या कॅडमियमचं कारण जाहीरपणे मांडलं गेलं. डॉक्टरांना शाबासकी मिळाली म्हणता? छे! प्रसिद्धीसाठी करतो, गाव बदनाम करतो, असंच ऐकावं लागलं. पण १९६८ मध्ये सरकारनं हा प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला. जपानमध्ये अशी सरकारी मान्यता मिळालेला हा पहिलाच आजार.

त्याच वर्षी रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी मित्सुईसारख्या बलाढ्य कंपनीवर खटला भरला. १९७१ मध्ये जिंकले. कंपनी वरच्या न्यायालयात गेली, तिथंही ९ ऑगस्ट १९७२ रोजी गावकरीच जिंकले. आणि दुसऱ्याच दिवशी हे लोक कंपनीच्या टोकियोतल्या मुख्य कार्यालयात जाऊन बसले आणि तीन कागदांवर सह्या घेऊनच उठले. पहिला कागद रुग्णांच्या भरपाईचा. दुसरा, नासलेली शेतजमीन दुरुस्त करण्याचा. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत मोलाचा: गावकऱ्यांना वाटेल तेव्हा, आपल्या आवडीचे तज्ज्ञ बरोबर घेऊन, खाणीत शिरून तपासणी करता येईल आणि तिचा खर्च कंपनी देईल.

बघा हं. त्यांनी खाण बंद करा असं म्हटलं नाही. दार उघडा म्हटलं!

तेव्हापासून दरवर्षी गावकरी आणि तज्ज्ञ खाणीत जातात. कुठल्या पाइपातून काय पाणी येतं, गाळाचे तलाव गळतात का, धुराड्यातून काय जातं, सगळं बघतात आणि नमुने घेतात. सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकमेकांचा राग. पण वर्षानुवर्षं समोरासमोर बसून, चुका दाखवून, दुरुस्त करून घेऊन आज जिन्झूतलं कॅडमियम निसर्गात मुळात असतं तेवढ्यावर आलं आहे. एका दिवसाच्या अभियानानं ही नदी साफ झाली नाही, पन्नास वर्षं पाठ न सोडल्यामुळे झाली.

आणि जमीन? ती तर याहून कठीण. पाणी वाहून जातं, माती कुठं जाणार? सुमारे दीड हजार हेक्टर जमीन दूषित ठरली होती. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कॅडमियम असलेला तांदूळ खाण्यासाठी विकता येत नव्हता. विषारी माती खरवडून तिथंच खोल पुरायची, वर खडीचा घट्ट थर द्यायचा आणि त्यावर डोंगरावरची चांगली माती आणून घालायची, असं सुमारे ८६० हेक्टर शेतीचं काम झालं. उरलेल्या बऱ्याच जमिनीवर घरं, कारखाने झाले. काम संपलं २०१२ मध्ये. तेहतीस वर्षं लागली आणि खर्च आला चार हजार कोटी येनच्या वर. त्यातला काही भाग कंपनीनं दिला, पण बराचसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांच्याच पैशातून. वरती खाणीतच पाणी स्वच्छ करून सोडलं असतं, तर किती कमी पैशात झालं असतं! आपल्या आज्या म्हणायच्या ना, वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो.

कंपनी आणि पीडितांच्या संघटनेत शेवटची तडजोड झाली २०१३ मध्ये. ज्यांनी लढा सुरू केला, त्यातल्या कितीतरी बायका ती बघायला उरल्या नव्हत्या.

आता कुणी म्हणेल, ती जपानची गोष्ट, आपल्याकडे कुठलं? आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या रासायनिक कारखान्यांचा गाळ उघड्यावर टाकला गेला, विष जमिनीत मुरलं आणि विहिरींचं पाणी लालसर झालं. ना पिण्याच्या कामाचं, ना शेतीच्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठणकावून सांगितलं की ज्यानं घाण केली, त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. पुढं ती रक्कम ३७ कोटींच्या वर ठरली. पण निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. टाळाटाळ होत राहिली आणि २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा, चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. जिन्झूच्या लोकांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या दारात जाऊन का बसावं, ते यावरून कळतं.

आणि आपला महाराष्ट्र? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे आहेत. त्यातले ५५, म्हणजे सर्वांत जास्त, आपल्या राज्यात. त्यातही एक मेख आहे. ही यादी मुख्यतः सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर, ज्याला बीओडी म्हणतात त्यावर, केलेली असते. सांडपाण्याची घाण त्यात दिसते. धातूंचं विष त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या आपल्या काही समजुती आधी तपासून घेऊ या. पाणी उकळलं की जंतू मरतात, हे खरं. पण धातू किंवा रसायन उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, पण पाण्यात विरघळलेलं विष त्यानं जाईल असं समजू नका. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ असतं असंही नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, ती फार चांगली गोष्ट आहे. पण त्या साध्या पेटीत क्षार, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू अशा तपासण्या होतात. कॅडमियमसारखा धातू शोधायला नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. "पेटीत चांगलं निघालं" एवढ्यावर कारखान्याच्या ओढ्याला प्रमाणपत्र देऊ नका.

आणखी एक गोष्ट, खास आपल्यासाठी. अंगात लोह कमी असेल तर शरीर कॅडमियम जास्त शोषून घेतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते, तिच्याच अंगात असं विष आधी घर करणार. तेव्हा नदीचा प्रश्न हा "पर्यावरणवाल्यांचा" नाही. तो आपल्या ताटाचा आहे.

हे सगळं वाचून मी पुन्हा गटाच्या बैठकीत बसले. या वेळी भाषण केलं नाही. फक्त त्या बायकांची गोष्ट सांगितली आणि तो तिसरा कागद सांगितला. कारखाना बंद करा म्हणायचं नाही, दार उघडा म्हणायचं. मग मात्र चर्चा सुरू झाली. पॅकिंगला जाणारी म्हणाली, "ताई, त्या वासात आठ तास आम्हीच उभ्या असतो. आत काय आहे ते आम्हालाही कळायला हवं." मला हे आधी सुचलंच नव्हतं! नदी आणि कामगार एकमेकांसमोर उभे आहेत असं मी धरून चालले होते. खरं तर विष आधी कामगाराला शिवतं, मग ओढ्याला.

चाळीसजणींपैकी तेवीसजणींनी सह्या केल्या. सतराजणींनी केल्या नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही. आमच्या दिरांनी सही केली नाही, पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते मात्र त्यांनीच रात्री बसून मला सांगितलं.

तुम्हालाही सांगते, अवघड नाही. कारखान्याला पाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. किती पाणी, कुठे, कसं सोडायचं, त्याच्या अटी त्यात असतात. १९७४ च्या जल कायद्याच्या २५ व्या कलमात अशा संमतींची नोंदवही ठेवायला सांगितली आहे आणि ज्याला झळ पोचते त्याला ती बघता येते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. संमतीपत्र आणि गेल्या तीन वर्षांतल्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागा. दुसरं म्हणजे एक वही घाला. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, आजारी जनावरं. दुधाचा हिशेब ठेवता तशीच. डॉ. हागिनोंनी नकाशावर ठिपके मांडले म्हणून कारण सापडलं, हे विसरू नका. आणि तिसरं, ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत एकच मागणी लावून धरा: तपासणी होईल तेव्हा गावच्या बायका बरोबर असल्या पाहिजेत.

आमच्या अर्जाला उत्तर आलं. संमतीपत्राची झेरॉक्स हातात पडली. त्यात एक अट होती: प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा ओढ्यात सोडायचं नाही. एक थेंबही नाही! मी ती ओळ बैठकीत तीनदा वाचून दाखवली. मग ओढ्यात तांबूस येतं ते काय, हे आता आम्ही लेखी विचारलं आहे. आत येऊन बघू द्या, या मागणीला अजून होकार आलेला नाही. आमची वही मात्र चालू आहे. तिसरी वही लागली.

यंदाही पाऊस पडला, नदीला नवं पाणी आलं आणि आम्ही ओटी घेऊन घाटावर गेलो. ती नवी सूनही होती. आता तिच्याकडे वहीची पाळी असते, दर मंगळवारी. तिनं नारळ सोडला, उठली आणि पिशवीतून पेन काढून तारीख लिहिली. पाण्यात हात आम्ही यंदाही घातला नाही. पण का घातला नाही, ते या वेळी लिहून ठेवलं आहे.